हात बाहेर?

१

माझ्या धंद्यात अर्धं काम स्क्रू-ड्रायव्हरनं होतं आणि अर्धं ओरडून. लोकांना ही थट्टा वाटते. पण पॅनेल एका खोलीत आणि यंत्र दुसऱ्या खोलीत असलं की ओरडण्यावाचून गत्यंतर नसतं.

मी कारखान्यांमध्ये सर्वो मोटरी बसवतो. साधी मोटर नुसती फिरत सुटते. सर्वो मोटर सांगितलं तेवढीच फिरते आणि सांगितलं तिथंच थांबते, केसभरही इकडेतिकडे नाही. तिच्या पाठीला एन्कोडर म्हणून एक डोळा असतो. आपण कुठवर आलो हे तो एका बारीक केबलमधून ड्राइव्हला सारखं कळवत असतो. ड्राइव्ह म्हणजे पॅनेलमधली जाडजूड पुस्तकाएवढी पेटी, मोटरचं डोकं. डोळ्याचं आणि डोक्याचं जमलं, की आम्ही सामान आवरून घरी जायला मोकळे.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मेहुणा. बायकोचा धाकटा, एकुलता एक भाऊ. चाळिशीला टेकलेला, अंगानं काटकुळा, पण फिटर म्हणून त्याच्या हाताला तोड नाही. दोन कप चहा पोटात गेल्याशिवाय कुणाशी एक शब्द बोलत नाही, म्हणून मी त्याला राजे म्हणतो. मी पॅनेलपाशी, राजे यंत्रापाशी. पंधरा वर्षं हेच चाललं आहे.

मोटरमध्ये वीज सोडण्याआधी, म्हणजे आमच्या भाषेत एनेबल देण्याआधी, मी ओरडायचं, "हात बाहेर?" त्यानं ओरडायचं, "बाहेर!" मग मी स्विच फिरवायचा. नियमाप्रमाणं ज्याचा हात आत त्याचं कुलूप मेन स्विचवर आणि किल्ली त्याच्या खिशात असायला हवी. कुलपं आमच्या बॅगेत होती, तळाशी. पण मोटरची चाल बसवताना दिवसाला वीस वेळा वीज द्यावी लागते आणि वीस वेळा काढावी लागते. कोण दर वेळी कुलूप काढघाल करणार? सगळे ओरडूनच भागवतात.

या वेळचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा होता. यंत्रातला एक जाड लोखंडी पाट गठ्ठ्याला मागून ढकलत दाबाखाली नेतो. पाट पुढं आला की त्याच्यात आणि चौकटीत चार बोटं मावतील एवढी फट उरते. पॅनेलची खोली भिंतीपलीकडं. दार डाव्या हाताला, आणि उजवीकडं गुडघ्याच्या उंचीवर भिंतीतून आरपार गेलेला एक पाइप, केबल नेण्यासाठी. मोटर नवी बसवली, ड्राइव्ह नवा बसवला. एन्कोडरची केबल तेवढी जुनी ठेवली. ती पाइपात ठासून बसली होती, आणि मीटर लावून पाहिलं तर ठणठणीत होती. असे शॉर्टकट सगळेच मारतात.

२

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मी विचारायचो, तो सांगायचा, मोटर बारीक आवाजात गुणगुणायची आणि पाट लोण्यावरून सरकावा तसा सरकायचा.

तीनच्या सुमारास मी लॅपटॉपवर वेगाचा आकडा बदलला आणि ओरडलो, "हात बाहेर?"

"बाहेर!"

स्विच फिरवला. ड्राइव्हच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरं आली: एन्कोडरचा संपर्क तुटला. मोटर जागची हललीसुद्धा नाही.

नव्या जोडणीत असं होतंच. एखादा प्लग सैल राहतो. मी प्लग दाबून पाहायला यंत्राकडं गेलो. मेहुणा ओणवा होऊन कोपरापर्यंत आत होता. मोटर आणि पाट यांना जोडणाऱ्या कपलिंगचा स्क्रू आवळत होता. त्याचं मनगट बरोबर त्या फटीत होतं.

"राजे, हे काय?"

"स्क्रू सुटलाय. दोन मिनिटं थांबा, मग द्या एनेबल."

"मी दिलं."

त्यानं हात सावकाश बाहेर काढला. उभा राहिला. चेहरा पुठ्ठ्यासारखा भुरका झाला होता.

"न विचारता?"

"विचारलं. तू बाहेर म्हणालास."

"मी?" तो एवढंच म्हणाला. मग त्यानं खाली पाहिलं आणि फडक्यानं हात पुसायला लागला. पुसून झाले तरी पुसतच होता.

हे संभाषण आमच्यात पूर्वी एकदा झालेलं होतं, शब्दन् शब्द.

३

मेहुण्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. मधलं आणि त्याच्या शेजारचं. सात वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात, मी एनेबल दिलं तेव्हा त्याचा हात आत होता. मी सगळ्यांना सांगितलं, मी विचारलं होतं आणि तो बाहेर म्हणाला होता. तो म्हणाला, मला कुणी विचारलं नाही आणि मी काही बोललो नाही.

कारखान्यानं चौकशी केली आणि गैरसमज असा शेरा मारून कागद मिटवला. घरात मात्र कागद मिटत नाहीत. बायकोनं माझं ऐकलं, भावाचं ऐकलं, आणि दोघांनाही एकच सांगितलं, "मला यात ओढू नका." त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. फक्त मी कामाला निघालो की दारात येऊन म्हणते, "त्याला नीट परत आणा." मला नीट परत या असं म्हणत नाही. सात वर्षांत एकदाही नाही.

मेहुणा तीन महिन्यांनी कामावर आला. माझ्याच जोडीला आला. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. मलाही वाटलं असतं. पण तो अजूनही अधूनमधून, चहा पिता पिता, माझ्याकडं असा बघतो की चहा घशाखाली उतरत नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच घडलं. "हात बाहेर?" "बाहेर!" लाल अक्षरं. या वेळी मी धावत गेलो. मेहुणा पाटाखाली पडलेला नट शोधत होता, खांद्यापर्यंत आत.

आम्ही दोघं कारखान्याच्या फाटकाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिलो.

"भाऊजी, तुमचे कान तपासून घ्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हे जास्त वाईट.

"इथं आवाज घुमतो. कंप्रेसर चालू असतो. काहीही ऐकू येऊ शकतं."

"मग शब्द बदलू. बाहेर नको. दुसरं काहीतरी, जे कुणीच म्हणणार नाही." त्यानं थोडा विचार केला आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "भोपळा."

दोघंही हसलो. त्या कामावर दोघं मिळून हसलो ते शेवटचं.

तासभर भोपळ्यावर काम चाललं. कारखान्याची माणसं आमच्याकडं बघून डोक्याला बोट लावत होती. मी पहिल्या दिवसापासून चिकाटीनं वहीत नोंदी करत होतो: किती वाजता एनेबल दिलं, ड्राइव्हनं घेतलं की नाही, कंप्रेसर चालू होता का, क्रेन हलत होती का. बिघाड कधीतरीच येतो तेव्हा तो असाच पकडावा लागतो. उंदीर पकडायचा तर त्याची येण्याची वेळ आधी कळायला हवी.

साडेअकराला मी ओरडलो, "हात बाहेर?"

"भोपळा!" मेहुण्याचाच आवाज. शेवटच्या अक्षरावर तो हसायचा, तसाच हसला.

स्विच. लाल अक्षरं.

मी जागचा हललो नाही. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. इतर वेळी त्याचं उत्तर डावीकडून यायचं, उघड्या दारातून. हे उजवीकडून आलं होतं. खालून, गुडघ्यापासून, पाइपाच्या तोंडातून.

यंत्रापाशी गेलो. मेहुणा कानांवर आवाज अडवणारे जाड टोप लावून बसला होता, कारण शेजारचं पुठ्ठा कापायचं यंत्र नुकतंच सुरू झालं होतं. त्याचा हात आत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला. टोप काढून म्हणाला, "काय झालं? दिलंत की काय पुन्हा?"

त्याच्या पायाशी त्या पाइपाचं दुसरं तोंड होतं. ते पिवळ्या फोमनं गच्च भरलेलं होतं. केबलभोवती बोटभर जागाही नव्हती.

"हे कधी भरलंस?"

"पहिल्याच दिवशी. धूळ आत जाते म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? भाऊजी, मी काय विचारतोय? दिलंत का?"

आता मी काय सांगणार होतो? विचारलं होतं आणि तू भोपळा म्हणालास?

"बोट लागलं चुकून," मी म्हणालो. "विचारायचं राहिलं."

टोप पुन्हा कानांवर चढवता चढवता तो म्हणाला, "चला. या वेळी निदान खरं तरी बोललात."

५

इथं मला एक सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं समजणार नाही.

सात वर्षांपूर्वी मी विचारलंच नव्हतं.

घरी जायची घाई होती, बस चुकली असती. मला वाटलं त्याचा हात बाहेरच असेल. स्विच फिरवला आणि किंकाळी ऐकली. त्याला दवाखान्यात नेताना मोटारीत कारखान्याच्या मॅनेजरनं मला विचारलं, "तुम्ही विचारलं नव्हतं का?" मी म्हणालो, विचारलं होतं. तो बाहेर म्हणाला. एवढं बोलायला दोन सेकंद लागले असतील. नंतर ते मागं घ्यायला रोज सकाळी एक संधी मिळत होती, आणि रोज सकाळी मी ती घेतली नाही. पुढं पुढं तर मला तो आवाज आठवायलाही लागला. कसा म्हणाला, किती जोरात म्हणाला. हाडामांसाच्या माणसाचा असावा तसा तो आवाज माझ्या डोक्यात तयार झाला होता.

आणि पाइपातून आलेला आवाज हुबेहूब तोच होता.

त्या संध्याकाळी लॉजच्या खोलीत मी वही उघडून बसलो. शेजारच्या पलंगावर मेहुणा मुलीशी फोनवर बोलत होता. सत्तेचाळीस वेळा एनेबल दिलं होतं. चव्वेचाळीस वेळा ड्राइव्हनं निमूट घेतलं. तीन वेळा नाकारलं. कंप्रेसरशी त्याचा संबंध नव्हता, क्रेनशी नव्हता, तापमानाशी नव्हता. मग मी शेवटी एक रकाना आखला. त्यावर काही लिहिलं नाही, नुसती रेघ मारली. ज्या ज्या वेळी त्याचा हात खरोखर आत होता तिथं फुली केली.

तीन फुल्या. त्याच तीन वेळा.

मी स्वतःला समजावलं. झाकणाचा सुरक्षा स्विच आम्ही कामापुरता वायर टाकून बंद ठेवला होता. हात आत आहे की बाहेर हे ड्राइव्हला कळवणारी तार पॅनेलमध्ये कुठंच नव्हती. पेटीला डोळा एकच, एन्कोडरचा, आणि त्याला मोटरच्या दांड्यापलीकडं काही दिसत नाही. तीन म्हणजे काही फार मोठा आकडा नाही. योगायोग होतात.

पण कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि काहीतरी ते खोटं तीनदा अडवत होतं. लाल अक्षरं दर वेळी एन्कोडरच्या संपर्काचीच होती, म्हणजे अडवणारं जे होतं ते त्या जुन्या केबलमधून येत होतं. मी वही मिटली आणि मेहुण्याकडं पाहिलं. अर्ध्या बोटांनी तो फोन कानाशी धरून हसत होता. आत्ता सांगून टाकावं असं मनापासून वाटलं. उद्या सांगू, असं म्हणून मी कुशीवर वळलो.

६

तिसऱ्या दिवशी मी कुलपं बाहेर काढली.

"आता?" मेहुणा म्हणाला. "पंधरा वर्षांनी?"

"आता."

त्याला बरं वाटलं असावं. दर वेळी मेनवर त्याचं कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. काम गोगलगाईच्या चालीनं चाललं, पण ड्राइव्हनं दिवसभरात एकदाही कुरकुर केली नाही. पाइपातूनही आवाज नाही. मी मधूनमधून वाकून त्या तोंडाशी कान लावत होतो. आत पुठ्ठ्याच्या धुळीचा वास, आणि केबलांचा थोडा उबारा. दुसरं काही नाही. एकदा वाटलं की पलीकडूनही कुणीतरी कान लावलाय. श्वास रोखला की तिकडचाही थांबतो, असं काहीसं. मी लगेच उठलो आणि उगाच मोठ्यानं खोकलो.

दुपारी आमच्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. खोलीत आवाज नीट येईना म्हणून मी फाटकापर्यंत गेलो.

"तीन दिवस झाले," साहेब म्हणाले. "मी नवी एन्कोडर केबल पाठवली आहे, सकाळीच पोचली असेल. जुनी काढून टाका, प्रश्न मिटला. एवढं तुम्हाला सुचू नये?"

"साहेब, जुनी चांगली आहे."

"चांगली आहे तर अलार्म का येतोय?"

जुनी केबल ठेवायलाच हवी, कारण ती माझ्या मेहुण्याचा हात वाचवते आहे, असं फोनवर कसं म्हणायचं? शिल्ड तपासतो म्हणालो, अर्थिंग बघतो म्हणालो. साहेब अर्धा तास मला मीच पंधरा वर्षांपूर्वी शिकलेल्या गोष्टी शिकवत राहिले.

परत आलो तर पॅनेलच्या खोलीच्या दाराशी जुनी केबल वेटोळं करून ठेवलेली होती. नीट, तारेनं बांधून. मेहुण्याचं काम नेहमीच नीटनेटकं.

७

आत गेलो. पाइपातून नवी, चकचकीत केबल आली होती आणि ड्राइव्हला जोडलेली होती. मेन चालू होता. मेनवर कुलूप नव्हतं. ड्राइव्हचा पडदा हिरवा होता, तयार, हुकमाची वाट बघत असलेला.

"हात बाहेर आहे, भाऊजी," उजवीकडून, खालून आवाज आला. मी काहीच विचारलं नव्हतं. "द्या तुम्ही."

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं एनेबलच्या स्विचवर होती. ती तिथं कधी गेली मला माहीत नाही. मी हात झटकून मागं घेतला, मेन बंद केला, वरचे तिन्ही फ्यूज उपटून खिशात कोंबले आणि बाहेर पळालो. घाईत एक गोष्ट राहिली. वीज काढली तरी ड्राइव्हच्या पोटात थोडी शिल्लक राहते. ती विझेपर्यंत पेटीवरचा लाल दिवा जळत असतो, आणि तो जळतोय तोवर यंत्राला हात लावायचा नसतो. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी हे शिकवतात.

मेहुणा खांद्यापर्यंत आत होता.

"काढ हात! आधी बाहेर काढ!"

त्यानं काढला. माझा अवतार बघून तो हसलाच. "अहो, किती घाबरताय! साहेबांनी पाठवलेली केबल फोम उपसून ओढून घेतली, एकदा चालवून बघितली, एकदम मस्त. म्हटलं तुम्ही येईस्तोवर स्क्रू आवळून घ्यावा. दोन मिनिटांसाठी कुठं कुलूप लावायचं?"

मी खिशातून फ्यूज काढून त्याला दाखवले. त्यानं ते पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"भाऊजी, काय झालंय तुम्हाला? तीन दिवस बघतोय मी."

"सांगतो. सगळं सांगतो."

"थांबा, आधी स्क्रू आवळायची किल्ली काढू दे. तिथंच अडकलीय." तो पुन्हा वाकला. त्या अरुंद फटीत त्याची अर्धी बोटं किल्लीच्या टोकाला पोचेनात. दोनदा चिमटीतून निसटली. ते मला बघवेना.

"हो बाजूला. मी काढतो," मी म्हणालो आणि हात घातला. फ्यूज माझ्या डाव्या मुठीत होते. आत लोखंड गार होतं. किल्ली बोटांना लागली. आणि त्याच्याकडं न बघता बोलायला मिळतंय म्हणून मला धीर आला. "राजे, तो सात वर्षांपूर्वीचा दिवस. त्या दिवशी मी..."

"हात बाहेर?"

पॅनेलच्या खोलीतून. उघड्या दारातून, खणखणीत आवाजात. माझ्या आवाजात.

मेहुणा माझ्या शेजारी उभा होता. माझा खांदा त्याच्या पोटाला लागत होता. पण पंधरा वर्षांची सवय डोक्याला विचारत नाही. त्याची मान आपोआप भिंतीकडं वळली.

"बाहेर!" तो ओरडला.

मी मान वर केली. दारातून पॅनेलचा एक कोपरा दिसत होता आणि त्याच्यासमोर पाठमोरं कुणीतरी. डावा खांदा खाली झुकलेला. सामानाची बॅग वर्षानुवर्षं एकाच खांद्याला लावून माझा तसा झाला आहे, असं बायको म्हणते. मी स्वतः तो कधी पाहिला नव्हता.

खट्कन वीज जोडणारा कॉन्टॅक्टर बसल्याचा आवाज झाला.

८

दवाखान्याची खोली चौथ्या मजल्यावर होती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. अंगठ्याचं काय ते अजून ठरत नव्हतं.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं मला समजुतीनं सांगितलं की ड्राइव्हमध्ये उरलेल्या विजेनं पाटाला एक धक्का बसला. लाल दिवा विझेपर्यंत थांबायला हवं होतं. एनेबलचा स्विच चालू स्थितीत सापडला, तो मीच घाईत तसा सोडला असणार. सगळं पटण्यासारखं होतं. मी सही करू शकत नव्हतो, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला.

मेहुण्यानं मात्र भेटेल त्याला सांगितलं, "भाऊजी माझ्या शेजारी होते आणि त्यांचा आवाज आतून आला. मी स्वतः ऐकला. म्हणून मी बाहेर म्हणालो." ऐकणारे दुसरीकडं बघायचे. बायकोनंही दोघांचं ऐकून घेतलं. या वेळी तिनं मला यात ओढू नका असं म्हटलं नाही. पलंगाच्या कडेला बसून ती माझ्या पायावरून हात फिरवत राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी ती डबा धुवायला गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. माझ्या पलंगामागं एक हिरवा पडदा होता, त्यापलीकडचा पलंग रिकामा होता. मेहुण्यानं खुर्ची जवळ ओढली.

"झोप लागत नाही मला," तो म्हणाला. "सारखं वाटतं, मी बाहेर म्हणालो नसतो तर..." त्यानं चादरीची कड चिमटीत धरली. "आणि दुसरं एक सारखं मनात येतं. आता मला कुणीच खरं मानत नाही. ताईसुद्धा. म्हणजे तुमचं सात वर्षं असंच झालं असणार. भाऊजी, त्या वेळी तुम्ही खरंच विचारलं होतं ना? आणि तुम्हाला खरंच ऐकू आलं होतं. माझंच चुकलं. मी तुम्हाला खोटारडं समजत राहिलो."

तो रडत होता. चाळिशीचा माणूस, अर्ध्या बोटांनी डोळे पुसत होता. सात वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होतो. आता मात्र सांगायचंच होतं. याच्या मनावर हे ओझं ठेवून मला त्या पलंगावरून उठायचं नव्हतं. मी ओठ ओले केले, श्वास घेतला.

"हो रे," माझा आवाज आला. "विचारलं होतं. तू बाहेर म्हणालास."

पडद्यामागून आला. शांत आणि प्रेमळ आवाज होता, लहान भावाला समजावावं तसा. मी तोंड उघडलंही नव्हतं.

मेहुण्यानं मान खाली घातली होती, म्हणून माझे मिटलेले ओठ त्याला दिसले नाहीत. त्यानं माझा धड हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. मी त्याला हाक मारायला गेलो. घशातून नुसता वारा निघाला.

"बोलू नका आता," तो म्हणाला आणि माझ्या अंगावरची चादर नीट केली. "दमलात तुम्ही. सगळं मिटलंय आपलं."